तीन शंकू वाळू आणि बोटभर जागा

मी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास घनाला कडा किती, ते मला विचारावे. बारा.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पुतणीला. खळीने डागाळलेल्या माझ्या टेबलाला पॉलिश करायला ती कधीची टपली आहे. खुशाल करावे.

२. कात्री, पोलादी पट्टी आणि मी केलेले पुठ्ठ्याचे सगळे आकार शाळेला. अट एकच, ते मुलांच्या हातात द्यावेत. फाटले तर फाटू देत, आत काय आहे ते तरी दिसेल. आमच्या मुख्याध्यापकांनी ते पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात कोंडले आणि वर्षभर किल्ली सापडू दिली नाही. त्यांना काहीही नाही.

३. जुना शंकू कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईला. चौथीत ती माझ्या वर्गात होती. तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच तोंडाची वृत्तचिती तीन शंकू वाळूने काठोकाठ भरते, असे मी शिकवी. तिची बोटभर रिकामी राहिली. मी म्हणाले, "सांडलीस." ती म्हणाली, "नाही बाई, शंकूच बुटका आहे." उलट बोलते म्हणून मी तिला तासभर उभे केले.

परवा तो शंकू उकलून सपाट केला आणि पट्टी लावली. वृत्तचितीची उंची मी शंकूच्या तिरक्या बाजूला दिली होती, त्यामुळे त्याची उभी उंची कमी भरली. खरेच बुटका! दरवर्षी जागा उरायची, दरवर्षी मी मुलांनाच रागवायचे. एकदाही मोजून का पाहिले नाही? मला फार लाज वाटते. माझ्या पश्चात हे तिला वाचून दाखवावे.

ता. क. साक्षीदार डॉक्टर म्हणाले, "बाई, मेल्यावर कशाला? दुकान चार पावलांवर तर आहे." शंकू पुन्हा चिकटवून जाऊन आले. तिने टेपने मापला. म्हणाली, "बाई, त्या दिवशी घरी जाऊन मी फ्रॉकचे खिसे उलटे करून पाहिले होते. कुठे सांडली असेल म्हणून." मला रडू आवरेना. तिने पाणी दिले, शंकू मात्र घेतला नाही. "शाळेतच द्या. चांगल्या शंकूंत मिसळून ठेवा. शोधू देत पोरं."

सबब कलम तीन रद्द. शंकू शाळेला. कोणता चुकलेला आहे, ते शिक्षकांनी मुलांना सांगू नये.

सही: चौथीच्या बाई
आमच्यासमक्ष सही केली: डॉक्टर, शेजारचे घड्याळजी
स्थळ: राहते घर, खळीचे टेबल
दिनांक: ७ मार्च, दुपारी