खणात ठेवलेला चष्मा

प्रिय धाकट्या,

तीन वेळा तू माझी तिकिटं परत पाठवलीस. 'काम आहे' म्हणालास. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला काम असतंच रे, पण रविवारी दुपारीसुद्धा? मी तुला लहानपणापासून ओळखते. खोटं बोलायचं असलं की तू फार थोडक्यात बोलतोस.

तू सिनेमाला आलास त्या दिवशी आमच्या थिएटरच्या दारावर मीच उभी होते. कॅमेऱ्याचा चष्मा आत न्यायचा नाही, खणात जमा करायचा, हा आमचा नियम. जागा मालकाची, तेव्हा दाराच्या आत त्याचंच चालतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो पटतो. कोणी सिनेमा चोरून टिपला की दुसऱ्या दिवशी तो घरोघरी फुकट पोचतो, मग आमच्या खुर्च्यांवर बसणार कोण? लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर हात मोकळे राहावेत म्हणून तुझ्या कंपनीने तो चष्मा दिलाय, हे मला ठाऊक होतं. पण मागे रांग होती, माझी माणसं बघत होती. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मी हात पुढे केला आणि तू चकार शब्द न काढता चष्मा दिलास. मला तर तेव्हा तुझा अभिमानच वाटला, बघ.

अडीच तास तू आत बसलास. मी डोकावले तेव्हा सगळ्यांबरोबर हसत होतास. निघताना 'मस्त होता, ताई' म्हणालास. आणि गेल्या आठवड्यात तुझ्या बायकोने फोनवर सहज सांगितलं, की तुझा नंबर त्याच काचांत बसवलाय, जुना चष्मा केव्हाच मोडला. फोन ठेवून मी तिकीट खिडकीतच रडले. पुस्तक नाकाला लावून वाचणारा माझा भाऊ, आणि मीच त्याचे डोळे काढून खणात टाकले.

रडून झाल्यावर मालकाकडे गेले. जागा तुमची, कबूल, पण नियम कॅमेऱ्यासाठी आहे, नजरेसाठी नाही, सुक्याबरोबर ओलं कशाला जाळता, असं तोंडावर सांगितलं. कॅमेऱ्यावर जाड कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर दारावरच्या माणसाची सही. पट्टी सोलली की सही फाटते. तुझ्यासारखाच एक चष्मा मागून आणला आणि पट्टी लावून त्याच्याच नाकावर चढवला. टिपलं काय, तर नुसता अंधार. तरी गडी मान हलवेना. मग एकोणीस वर्षं सांभाळलेला थिएटरच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या टेबलावर ठेवला. चहा गार झाल्यावर त्याने तो माझ्याकडे परत सरकवला. आजपासून दारावर नवी पाटी आहे.

फोनवर तू पुन्हा 'काम आहे' म्हणशील, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दुपारच्या खेळाला तोच सिनेमा मी मुद्दाम परत लावून घेतलाय. पट्टी मीच लावीन, सही मीच करीन. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागते. पण ये. या वेळी दुसरे हसले म्हणून हसू नकोस, बघून हस.

तुझीच, हट्टी
ताई