यू-तीनचा पाचवा भाग

२० जानेवारी

आणि दादा म्हणतो, मलाच घर नकोय! दर महिन्याला हजार युआन कोण पाठवतं मग?

"पैसे येतात. तू कुठे येतोस? यंदा चांद्रवर्षाच्या अखेरच्या जेवणाला तुझा वाडगा मांडणार नाही. तीन वर्षं त्यात भात निवतोय."

मागून आई काहीतरी बोलली. की नुसती खोकली? फोन दादाने ठेवला.

२१ जानेवारी

शेन्झेनला थंडी अशी नाहीच. खिडकीतून ऊन येतं, संगणकाच्या पडद्यावर मी काढलेल्या सर्किटच्या हिरव्या रेषा हलल्यासारख्या वाटतात. आमच्या डोंगरावरची भाताची खाचरं वरून अशीच दिसतात.

२४ जानेवारी

माझ्या सर्किटच्या आराखड्यावरून बनवलेला नमुन्याचा बोर्ड आला. मेलेला!

तान मास्तर ओरडले, "हा यू-पाच कुठून आणलास?"

यू-तीन ही एकच चिप. पोटात चार कामकरी भाग, चौघे आराखड्याच्या चार पानांवर काढलेले. पाचवा भाग नुसता वीज घेणारा. त्याला काम नाही, म्हणून मी तो सगळ्यात शेवटी, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ठेवला आणि चिपांना नंबर द्यायचं बटण दाबलं. संगणकाने त्याला नवाच नंबर दिला — पाच! मी बघितलंच नाही. बोर्डावर दोन चिपा बसल्या. तीनला काम आहे, वीज नाही. पाचला वीज आहे, काम नाही.

शेजारच्या टेबलावरची मो ताई हसून हसून आडवी. "छोट्या, राबणारा उपाशी आणि जेवणारा रिकामटेकडा!"

"पान बदललं की चिप बदलते का रे, गाढवा?" — मास्तर.

आठवीत शाळा सुटलेल्या मला ताईनेच हे काम शिकवलं. तिच्यापुढे जास्त लाज वाटली.

२५ जानेवारी

स्वप्न पडलं. खाचरांची पानं झालेली. एका पानावर दादा चिखलात, एकावर आई चुलीपाशी. प्रत्येक पानाच्या काठाशी तारा तुटलेल्या. आणि मी शेवटच्या कोपऱ्यात — दिव्यांनी झगझगतोय, अंग उबदार, हात रिकामे. डोक्यावर लिहिलेलं, पाच.

जागा झालो तरी तो आकडा बराच वेळ दिसत होता.

२७ जानेवारी

नंबर हाताने बदलला. पाचचा तीन. बस, एवढंच! यू-पाच कधी नव्हताच जणू.

१ फेब्रुवारी

नवा बोर्ड आला. जिवंत! मास्तरांनी एक संत्रं पुढे सरकवलं.

मो ताई म्हणाली, "आठवडाभर खिडकीबाहेर बघतोयस. सुट्टी मागायला तोंड नाही का?"

मागितली. मास्तर म्हणाले, "मला वाटलं तुला घरच नाही."

२ फेब्रुवारी

सणामुळे सगळ्या गाड्या भरलेल्या. उरलं होतं ते फक्त पहिल्या वर्गाचं महागडं तिकीट — काढलं! दादा शिव्या घालणार. घालू दे, समोर बसून घालेल.

त्याला निरोप लिहिला: वाडगा मांड. या महिन्याचे सोबत पाठवतोय — दोनशे युआन.