सरांच्या शिंका आणि माझा मेंदू

३ मार्च, सोमवार
केलं ते चुकलंच. लिहून टाकतो, हलकं वाटेल.
ताई मेंदूवर पीएचडी करते. तिला वीस डावखुरे हवे होते. एकोणीस मिळाले, विसावा घरातच. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल, समोर दोन बटणं. मनाला येईल तेव्हा, येईल ते दाब, म्हणाली. आधी माणूस ठरवतो की मेंदू, ते बघायचं होतं. माझ्या मनाला काही येईच ना. कोपऱ्यात तिच्या सरांना सर्दी झालेली. सर शिंकले की उजवं, नाक ओढलं की डावं. तासभर. मजा आली.
उद्या सकाळी सांगून टाकायचं. फिक्स.

४ मार्च
चहा घेताना ताई म्हणाली, काही सांगायचंय का रे? म्हटलं, साखर कमी आहे. तोंडातून तेच आलं.
तिचं एक पुस्तक चाळलं. आपण ठरवायच्या आत मेंदूनं ठरवलेलं असतं म्हणे. दोन पानं वाचली. पुरेत. म्हणजे बटणं दाबणारा मी नव्हेच!

५ मार्च
मेंदूला शिस्त लावायची. ठीक चारला बोलायचं.
४.०० गेलो.
४.०१ ताईनं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघत बसली. चार्जर मागितला.
४.०५ माझ्याकडे चार्जर आहे. आता दोन आहेत.

६ मार्च
आई म्हणाली, जेवत का नाहीस? म्हटलं, मेंदूला विचार. टपली मिळाली. तिनं तिच्या मेंदूला विचारलं नसावं.

७ मार्च, शुक्रवार
ताई लॅबला गेलीच नाही. माझ्या खोलीत तीनदा आली. कात्री आहे का. खिडकी लावू का. तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली. मी झोपेचं सोंग घेतलं. पाचला फोनवर म्हणत होती, नाही सर, तुमचंच बरोबर निघालं. असेल काहीतरी कामाचं.
सोमवारी सांगतो. नक्की.

८ मार्च, शनिवार
ताई डबा विसरली, आईनं मला पिटाळलं. लॅबमध्ये कुणी नव्हतं. टेबलावर फाइल, वर आकडा २०. म्हणजे मी. उघडली.
ताईचं अक्षर: बटणं सरांच्या शिंकांवर दाबलीत, रेकॉर्डिंगमध्ये कळतंय. दुसरा डावखुरा मिळत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत स्वतःहून बोलला तर टेस्ट परत घेऊ, नाहीतर पुन्हा तेच करेल. वीस झाले नाहीत तर पेपर पुढच्या वर्षी.
खाली सरांचं: तो बोलणार नाही.
त्याखाली ताईचं: बोलेल. माझा भाऊ आहे, ओळखते मी त्याला.
मागून ताईच आली. इकडे काय रे? फाइल मिटली. तोंड उघडलं. मेंदू गप्प होता, शपथ. कुणी अडवत नव्हतं.
म्हटलं, डबा.
वहीबाई, पाया पडतो तुझ्या. मी ते वाचलंय, हे कुणाला सांगू नकोस. ताईला तर नकोच नको.