रखवालदाराकडची पेटी

हेदवी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. अनिल,
ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. कलमांना मोहोर चांगला आलाय, तुडतुड्याची कीड अजून नाही. फोन असताना हा कागद कशाला, म्हणशील. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते. शेजारची ऋतिका उद्या खेडला मुंबईची गाडी पकडणार आहे, तिच्या हाती देतेय.

तुझा निरोप मिळाला. शेवटचा पाठलाग पुन्हा चित्रित करायचाय, पेटी पाठव. ज्या पेटीमागे तुझ्या सिनेमातली सगळी माणसं होड्या, मोटारी आणि घोडेसुद्धा घेऊन धावतात, ती तुम्ही एकच करून घेतलीत. धन्य आहे तुमची.

पेटी समुद्राकाठी आपल्या रखवालदार देवाच्या पायाशीच आहे, तुम्ही ठेवलीत तिथे. मी आणायला गेले तर रामा गुरव आडवा आला. "ताई, गाऱ्हानं घालून ठेवलेली वस्तू कौलाबिगर कशी उचलायची?" तुमच्या दिग्दर्शकाला खरंखुरं गाऱ्हाणं हवं होतं ना? मग रामाने खरंच घातलं. त्याला खोटं घालता येत नाही. "बा रखवालदारा म्हाराजा, ही पेटी ज्याची हाय त्यो येईस्तवर तुज्या पायाशी सांभाळ म्हाराजा." सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

आता रामाने कौल लावला. देवाने डावा दिला. म्हणजे न्यायची नाही.

खरं सांगू, मला बरंच वाटलं. का, ते सांगते.

शूटिंगच्या वेळी मी तुला विचारलं होतं, पेटीत आहे तरी काय? तू हसलास. "काही नाही गं. आत काय आहे याने काही बिघडत नाही, सगळ्यांना ती हवी असली की झालं." आई तिथेच चहाचे पेले गोळा करत होती. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा तिने आपल्या दर्शनचा निळा सदरा आणून पेटीत ठेवला. नंतर तू वर कुलूप लावलंस, एक किल्ली माझ्याकडे दिलीस, आणि गाऱ्हाणं झालं. हे मला तुम्ही गेल्यावर तिनेच सांगितलं.

दर्शन बोटीवरून नाहीसा झाला त्याला आता तीन वर्षं होतील. ना देह मिळाला, ना काही. तेव्हापासून आईचं जेवण म्हणजे दोन घास. पण त्या गाऱ्हाण्यापासून ती पोटभर जेवते. संध्याकाळी पेटीपाशी जाऊन बसते आणि हसत घरी येते. पेटी ज्याची आहे तो येणार, असं रखवालदारावर सोपवलंय ना. रात्री ताटं तीन घेते. तिच्या रडण्याची मला सवय झाली होती, या हसण्याची भीती वाटते.

तरी तुझं काम अडायला नको. तुझं नाव पहिल्यांदाच पडद्यावर येणार आहे. म्हणून काल दुपारी आई झोपल्यावर मी गेले. सदरा काढून तिथेच देवापाशी ठेवायचा आणि रामाच्या नकळत रिकामी पेटी तुला धाडायची, असा बेत होता. कुलूप जसंच्या तसं होतं. मी उघडलं.

आत सदरा नाही.

तळाला ओल होती. बोट लावून जिभेवर ठेवलं, खारट. समुद्राकाठी सगळंच खारट होतं, मला कळतं ते. तरी पेटी बंद केली आणि घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

अनिल, दुसरी किल्ली फक्त तुझ्याकडे आहे. निघण्याआधी तू पेटी उघडली असशील, सदरा ओळखला असशील आणि गुपचूप घेऊन गेला असशील. लहानपणीही त्याचे कपडे तूच ढापायचास. मी रागावणार नाही. पेटी हवी तर स्वतः येऊन ने, रामाला मी समजावेन. पण सदरा नेला असलास तर आधी तेवढं कळव.

नेला नसलास, तरी नेला म्हणून कळव. आणि फोनवर नको, लिहून पाठव. मला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

तुम्हा दोघांची,
ताई