हुरड्याचे फोड

पौष वद्य पंचमी, अंबड

काल केदारखेड्याला सासुरवाडीच्या शेतात हुरडा होता. आगटीतून काढलेलं कणीस जो तो फू फू करत या हातातून त्या हातात टाकत होता. मी सरळ तळहातावर चोळत बसलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचे हात लई घट हायेत." मी हसलो. वाटलं, माझंच कणीस निवलेलं असेल.

आज बघतो तर तळहातभर फोड. दुखत नाही. बिलकुल नाही.

शाळेतून आल्यावर, वर्गातल्या पोरांना दाखवायला अंगणात लावलेल्या लाजाळूला त्याच हाताचं बोट लावलं. पानं मिटली. दुसऱ्या फांदीला लावलं, तीही मिटली. शिवलेलं तिला कळतं, मला नाही. वर्गात सांगतो, झाडाला नसा नसतात. मला आहेत ना? मग? मनगटावरचा तो फिकट चट्टा, दोन वर्षं ज्याला मी नायटा म्हणत आलो... महारोग. लिहिला एकदाचा.

लाजाळू आता परत उघडलीसुद्धा असेल.

हिनं फोडांना तूप लावलं. "अहो, लई आग होऊन राह्यलीय का?"

मी हो म्हणालो.

मग ती आणखी जपून बोट फिरवू लागली. मी बघत होतो, म्हणून कळलं.