दोन डिग्रीची वजावट

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.१०
गोटीला ताप. वय सव्वा वर्ष. थर्मामीटर १०३ म्हणतंय. मी वजनकाटे तपासणारा निरीक्षक. वीस वर्षांत एकही यंत्र खरं बोलताना सापडलं नाही. दोन डिग्री वजा केल्या. ताप १०१.

ही म्हणाली, धाकट्याला दाखवू. धाकटा म्हणजे हिचा भाऊ, लहान मुलांचा डॉक्टर. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. या गृहस्थाने माझी शिडी वाकवून परत केली आणि वर म्हणाला, ती आधीपासूनच तशी होती. दोन वर्षं त्याची पायरी चढलेलो नाही. तापाचं निमित्त करून तत्त्व मोडायचं नसतं. हिला बजावलं, तिकडे फिरकायचं नाही. ही म्हणाली, बरं. लग्नाला अकरा वर्षं झाली, वाद न घालता आलेलं हे पहिलं 'बरं'. पटलेलं दिसतं.

मंगळवार, ४
१०३.४. म्हणजे १०१.४. पोर खांद्यावरून उतरत नाही, नुसती बघते. मला ते बघवेना. ऑफिसला गेलो. दुपारी घरी फोन केला, कुणी उचलला नाही. मायलेकी झोपल्या असतील.

बुधवार, ५
ताप हटत नाही. फडताळात तापाच्या औषधाची बाटली दिसली, वर पेनने 'सहा तासांनी'. कुठून आली विचारलं. ही म्हणाली, घरातच होती. माझं घर असं सज्ज असतं. शिडीवाल्याने येऊन बघावं. हिचं अक्षर मात्र फार बिघडलंय.

संध्याकाळी गोटीने पाणीही थुंकलं. जावं का? निम्मा जिना उतरलो, परत चढलो. व्यायाम झाला.

गुरुवार, ६. सकाळी ६.००
९८.४. आज वजावट केली नाही, यंत्र सुधारलेलं दिसतं. डॉक्टरविना पोर बरी केली. हे त्याच्या कानावर कसं घालावं याचा विचार चालू आहे.

८.४०
गोटीच्या पोटावर, पाठीवर, मानेवर लाल पुरळ उठलंय. गोवर असेल. गोटीला उचललं. ही आंघोळीला गेलीय. निघालो.

११.००
पळत गेलो. पायात एक चप्पल माझी, एक हिची. दवाखाना भरलेला. सगळ्या आयांसमोर हात जोडले. म्हणालो, चुकलो, शिडी आधीपासूनच वाकडी होती, पण पोरीला वाचव.

धाकट्याने झबलं वर करून पाहिलं. म्हणाला, भावोजी, हा ताप असाच असतो. तीन दिवस चढतो, उतरला की पुरळ उठतं, आणि पुरळ उठलं की आजार संपला. ताईला कालच सांगितलं होतं, उद्या पुरळ येईल, भावोजींच्या कानावर घाल, नाहीतर उगाच घाबरतील.

मी विचारलं, काल?

त्याने गोटीचं कार्ड पुढे केलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही दिवस दुपारी साडेबारा.

गोटी त्याच्याकडे झेपावली. परत घ्यायला गेलो तर त्याची कॉलर सोडेना.