राखीव प्रतीतील जादा रकाना

३ मार्च
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. शहरातील रहिवाशांची नोंद ठेवणारे हे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर असून माझ्या टेबलाशेजारी रुंद खिडकी आहे. पत्नीच्या निधनास आठ महिने झाले. एवढ्या काळात प्रथमच सकाळी दाढी करण्यास काही प्रयोजन होते. मुलीने फोनवरून बजावले की, बाबा, कामाच्या नादात जेवण विसराल तर माझ्याशी गाठ आहे. बरे वाटले.

४ मार्च
काम शिकविणाऱ्या बाई निवृत्तीस आल्या आहेत. डेटाबेस दोन, मूळ आणि राखीव. रोज सकाळी कमांड लिहायची. त्यात आधी मूळचे नाव, मग राखीवचे. संगणक दोहोंची रचना ताडून फरकांची यादी देतो आणि ‘हो’ लिहिताच दुसरा पहिल्याबरहुकूम होतो. ही जुळवणी तक्ते व रकाने यांपुरतीच, आत भरलेले दुसरीकडे जात नाही; मात्र रकाना पुसला की त्यात भरलेले सर्वांचेच जाते आणि तो पुन्हा घातला तरी रिकामाच येतो. राखीवमध्ये अधूनमधून काहीबाही आपोआप उगवते, कधी काही गळूनही जाते; उगवलेले वाचत बसू नका, उपटून टाका, असे बाई म्हणाल्या. नावांचा क्रम उलटा लिहिलात तर सगळे शहर तुमच्या नावाने खडे फोडील, असेही हसत म्हणाल्या. दोघे शिपाई सख्खे भाऊ आहेत. धाकट्याचे म्हणणे असे की, दादा एकदा खुर्चीत बसला की त्याला उठवायला अर्ज करावा लागतो.

११ मार्च
राखीवमध्ये रहिवाशांच्या तक्त्यास एक रकाना जादा आढळला: ‘परतण्याची तारीख’. वाचावयाचे नव्हते, वाचले. लाखो ओळी रिकाम्या, एकाच ओळीत १४ मार्च. ती ओळ माझ्या पत्नीची आहे. पुसण्यास हात धजेना. आजची जुळवणी केली नाही.

१२ मार्च
बाईंना विचारले. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या की चार वर्षांपूर्वी त्यांच्या दिवंगत यजमानांच्या ओळीतही तारीख आली होती. त्यांनी डोळे मिटून पुसली. राखीवमधले राखीवमध्येच राहते, मूळमध्ये आले तरच खरे होते, आणि ते कधीही येऊ देऊ नका, असे त्या कळवळून म्हणाल्या.

१३ मार्च
नावांचा क्रम उलटा लिहिला. यादीत दोनच फरक होते. मूळमध्ये ‘परतण्याची तारीख’ घातला जाईल. मूळमधून ‘नाते’, म्हणजे कोण कोणाचे कोण हा रकाना, पुसला जाईल, कारण राखीवमध्ये तो आज नाही. दोन्ही ओळी मी नीट वाचल्या. वाटले, कागदोपत्री नाते गेले तर काय बिघडले. ती आली की पुन्हा भरता येईल. ‘हो’ लिहिले. मग मूळमध्ये तिच्या ओळीत १४ मार्च स्वतः भरले.

१४ मार्च
ती आली. मी रजा घेऊन घरीच होतो. दुपारी चार वाजता, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. भुवईवरचा व्रण तोच, चपला काढून भिंतीशी लावण्याची रीत तीच. मग अदबीने विचारले की हे घर कोणाचे. म्हणाली, तुम्ही सज्जन दिसता, मला माझ्या माणसांकडे पोहोचवाल का?

१५ मार्च
धाकट्या शिपायाने मला हळूच विचारले की त्या खुर्चीत बसलेला माणूस कोण. बाईंनी पर्समधला मुलाचा फोटो निरखून पाहिला आणि कोणाचा तरी चुकून आला असावा म्हणून केराच्या टोपलीत टाकला. मुलीला फोन केला. ती म्हणाली, काका, तुमचा नंबर चुकला. मला अजून सारे आठवते. बहुधा इथे लिहून ठेवतो म्हणून.

१६ मार्च
‘नाते’ हा रकाना परत घातला. रिकामा. लाखो ओळी — सर्व रिकाम्या. तिच्या ओळीत ‘पत्नी’ असे लिहून तिला दाखविले. ती रडू लागली. म्हणाली, कोणीही उठून असे लिहील, मी ते कसे मानू? पलीकडच्या खोलीत गेली, आतून कडी —

१७ मार्च
रस्त्यावर मुले एकेकटी उभी. कोणी कोणाचा हात धरीत नाही. कोणी रडतही नाही —

फोनमध्ये ‘मुलगी’ या नावाचा नंबर आहे. कोणाची —

१८ मार्च
घरात एक बाई आहेत. त्या दाराआडून विचारतात की मी इथे का राहतो. उत्तर मला ठाऊक होते. मागची पाने वाचली. अक्षर माझे आहे. ज्या कोणाच्या निधनाचे मी लिहिले आहे, ती माझी —